उसातला बॉल

कपिलच्या नेमणुकीच्या कागदावर 'असिस्टंट कोच, मुलींचा फुटबॉल संघ' असं लिहिलंय. प्रत्यक्षात त्याचं काम एकच, उसातून बॉल आणायचा.

आमच्या कॉलेजचं मैदान डिंभ्याच्या कालव्याला लागून आहे. एका अंगाला कॉलेजची इमारत, एका अंगाला रस्ता, मागे कालवा आणि चौथ्या अंगाला गुडघाभर उंचीचा बांध. बांधापलीकडे सावळेराममामांचा ऊस. बॉल जरा उंच मारला की उसात. आणि आमच्याकडे उसात जायचं म्हणजे बिबट्याला विचारून जायचं. या उसात बिबट्या कुणी पाहिलाय का, असं विचारलं तर प्रत्येक जण सांगणार, 'मी नाय, पण आमच्या चुलत्यानं बघितला.' आमच्याकडे दर चुलत्यामागे एक बिबट्या आहे.

कपिलनं संघ हातात घेतला तेव्हा पोरी दिसेल तिकडे बॉल हाणायच्या. मग त्यानं नियम केला, जी उसात मारेल तिनंच आणायचा. पहिल्याच दिवशी वैजयंतीनं मारला. ती डिंभ्याच्या वरच्या वाडीतली, अंगानं काटकुळी, पण लाथ अशी की बॉलला परत यायचा रस्ता सापडू नये. ती मुकाट्यानं बांधाकडे निघाली, तेवढ्यात कपिल पुढे पळाला. "थांब थांब. मी जातो. तुझ्या आईला मी शब्द दिलाय." त्यानंतर नियम कागदावर पोरींचा राहिला आणि अंमल कपिलवर.

आत शिरताना तो मोठमोठ्यानं गायचा. बिबट्याला चाहूल लागावी म्हणून लोक मोबाईलवर गाणी लावतात, घुंगराची काठी आपटतात. कपिलचा मोबाईल बहुतेक वेळा डिस्चार्ज असतो, म्हणून त्यानं स्वतःच गाणं रचलं.

*आलो गं बाई आलो, बॉल न्यायाला आलो,*
*तुझं घर तुला राहू दे, आल्या पावली चाललो.*

बिबट्या बाईच का, असं मी एकदा विचारलं. "बाईशी नीट बोललं की ती ऐकून घेते," तो म्हणाला. आमची लेक यशोधरा झाल्यावर तेच गाणं आमच्या घरी पाळण्याला लागलं. फक्त बॉलच्या जागी झोप आली. यशो दोनदा ऐकते आणि झोपते. बिबट्यावर त्याचा काय परिणाम होत असेल, देव जाणे.

हळूहळू पोरींचा बॉल जमिनीवर आला. हिनं तिला द्यायचा, तिनं हिला. उंच नाही, लांब नाही, शिवणकामातल्या टाक्यासारखा जवळजवळ. बघता बघता संघ झोनची स्पर्धा जिंकायला लागला. तीन वर्षं लागोपाठ. एकदा पुण्याहून आलेले एक पाहुणे सामना बघून म्हणाले, "वा, नानासाहेब! ही छोट्या पासची पद्धत कुठून शिकवलीत?"

नानासाहेब म्हणजे आमचे तेव्हाचे मुख्य कोच. त्यांना सगळे नानासर म्हणतात. मुळात ते कबड्डीचे. एके काळी त्यांनी मांडी थोपटली की जुन्नरपर्यंत ऐकू जायची म्हणतात. फुटबॉलमधलं त्यांना एवढंच कळतं की हात लावायचा नाही. माणूस मनानं मोठा, पण सत्काराची भारी हौस.

"ही आपली स्वतःचीच पद्धत हाय," नानासरांनी छाती फुगवून सांगितलं. "लई विचार करून बसवलीय."

कपिल त्या वेळी उसात होता.

म्हणून तर गावातल्या एकाही फ्लेक्सवर तो नव्हता. दर वर्षी संघाचा फोटो निघतो, मध्ये नानासर, बाजूला पोरी, आणि कपिल कुठे तर शेवटचा बॉल आणायला गेलेला.

एवढं करून विद्यापीठाची फायनल जिंकणं मात्र तिन्ही वेळा हुकलं. आणि गेल्या वर्षी नानासर निवृत्त व्हायचे होते. दिवाळीनंतर संघ पुन्हा फायनलला पोचल्यावर संस्थेच्या सेक्रेटरींनी कपिलला बोलावून घेतलं आणि सरळच सांगितलं, "या वर्षी फायनल जिंकून आणा. नानांच्या खुर्चीत तुम्हीच बसाल. नाही आली, तर पुण्याचा लायसनवाला कोच बघून ठेवलाय. तो स्वतःचा असिस्टंट घेऊन येणार आहे."

घरी येऊन कपिलनं मला हे सांगितलं तेव्हा तो यशोला वरणभात भरवत होता. चार घास तिला, एक घास चुकून स्वतःला.

"म्हणजे हरलो तर आण्याला परत," तो म्हणाला.

आणे म्हणजे त्याचं गाव, पठारावरचं. तिथे सासू-सासरे आहेत, मोकळी हवा आहे, माणसं जीव लावणारी आहेत. फक्त फुटबॉल नाही. कपिलला फुटबॉलशिवाय ठेवायचं म्हणजे यशोला पाळण्याशिवाय ठेवणं.

"जिंकाल हो," मी म्हटलं. "पोरींचा खेळ चांगला बसलाय."

आणि दुसऱ्याच दिवशी सावळेराममामांना तोड आली.

ज्यांच्याकडे ऊस नाही त्यांना हे कळायचं नाही. ऊस तयार झाला म्हणून कुणी तोडत नाही. कारखान्याकडून तुमची पाळी यावी लागते. त्यासाठी माणसं तोडीची चिठ्ठी देणाऱ्या, कारखान्याच्या चिटबॉयला चहा पाजतात, त्याच्या पोराच्या बारशाला जातात, त्याचं कुत्रं आजारी पडलं तर विचारपूस करतात. मामांनी हे सगळं केलं होतं. आणि आता ऊसतोडीची टोळी दारात उभी असताना कपिल त्यांच्या ओट्यावर जाऊन बसला. मीही यशोला कडेवर घेऊन मागोमाग गेले, कारण एकटा गेला तर तो काहीतरी बोलून बसतो.

"मामा, एक विनंती होती. तोड जरा फायनल होईस्तोवर पुढं ढकलता येईल का?"

मामांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. "काय म्हणला?"

"ऊस उभा राहिला तर बरं व्हईल. पोरींच्या खेळासाठी."

"अहो साळुबाई!" मामांनी आत हाक मारली. चिडले की ते बायकोला अहो म्हणतात. "भायेर या. हे सर बघा काय म्हणत्यात. दोन म्हयने मी त्या चिटबॉयच्या मागं गडी असल्यावानी फिरलो. आज तोड आली, तर म्हणत्यात नको म्हणा!"

साळुमामी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "का वं सर? आमच्या उसानं काय केलं?"

"तुमच्या उसानंच सगळं केलंय, मामी," कपिल कळवळून म्हणाला. "ऊस हाये म्हणून पोरी बॉल खाली ठेवत्यात. ऊस गेला की भीती गेली. भीती गेली की बॉल वर."

"मंजी तुमच्या त्या कपांचं पाणी आमच्या कालव्याचंच की!" मामी खुदकन हसल्या. "मग सत्काराला ह्यांना का नाय बोलावलं कधी?"

मामांच्या चेहऱ्यावर एकदम वेगळाच विचार उमटला. हे त्यांना आजवर सुचलं नव्हतं.

"पण तोड मोडायची न्हाई म्हंजे न्हाई," तरीही ते म्हणाले. "फार तर... बांधाकडच्या चार सऱ्या ठीवतो. बेण्याला, पुढच्या लागणीला."

"चार सऱ्यांत बिबट्या मावंल का?" मामींनी विचारलं.

"दाटीवाटीनं बसंल. एकटा तर हाय."

तसं ठरलं. टोळीनं दोन दिवसांत शिवार मोकळं केलं. बिबट्या निघाला नाही, पिल्लं निघाली नाहीत, चुलत्यांची अब्रू गेली. निघाले ते बॉल. गोणीभर. काही फुसके, काही उंदरांनी कुरतडलेले. टोळीतल्या बायकांनी ते बांधावर ओळीनं मांडून ठेवले आणि आमची एक एक पोर येऊन ओळख पटवायला लागली. "हा माझा. हा पण माझा. सर, हा तर तुमच्या लग्नाच्या आदल्या दिवशीचा!"

बांधाला लागून चार सऱ्या, उसाच्या चार ओळी तेवढ्या उभ्या होत्या. त्यांतून शिवारापलीकडचा दुसरा रस्ता, रस्त्यावरची एस.टी. आणि एस.टी.तल्या माणसांची तोंडंही दिसत होती.

"सर, ह्यात मांजर बी लपायचं नाय," वैजयंती म्हणाली.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. उधळलेल्या वासरांसारख्या पोरी बॉल हाणायला लागल्या. मोकळ्या रानात जाऊन बॉल आणायला काय लागतं? नानासर तर खूश! त्यांना पहिल्यापासून हा खालचा खेळ मिळमिळीत वाटायचा. ते खुर्चीवरून ओरडायचे, "शाब्बास! हाण! अजून लांब! पार पेठ गावापर्यंत जाऊ दे!"

सरावाचा सामना कॉलेजच्या शिक्षकांशी ठेवला होता. त्यात ग्रंथपाल होते, दोन गुडघेदुखीवाले प्राध्यापक होते. आमच्या पोरी हरल्या.

त्या दिवसापासून कपिलचं जेवण कमी झालं. दोन दिवसांनी मी यशोसाठी बटाटा उकडायला घेतला, तर टोपलीतला सगळ्यात मोठा बटाटा गायब. सुरीही नाही. मागच्या दारी पाहिलं, तर कपिल पायरीवर बसून बटाटा कोरत होता. जीभ दातांत धरून.

"अहो, हे काय?"

"पंजा," तो म्हणाला.

मला हसावं की रडावं कळेना. माझा नवरा, एम.पी.एड. झालेला माणूस, बटाट्याचा बिबट्या करत होता. मी त्याला थांबवायला हवं होतं. पण तो इतका मन लावून कोरत होता, की मी फक्त यशोला दुसरा बटाटा लावला.

सकाळी पोरी यायच्या आत त्यानं त्या चार सऱ्यांच्या कडेच्या ओल्या मातीत ठसे उमटवले. कालव्यापासून बांधापर्यंत, ओळीनं. मग लांब उभा राहून, आपलं लक्षच नाही असं दाखवत शिट्टी वाजवत राहिला. मीही यशोला फिरवायच्या निमित्तानं तिथेच.

गोलकीपर साक्षीला ते पहिल्यांदा दिसले. "आई गं! सर! बिबट्या!"

सगळ्या जमल्या. कपिलनं तोंड गंभीर केलं. "बघा. मी सांगत होतो. ऊस गेला तरी तो गेलेला नाही. आता बॉल खालीच ठेवा."

वैजयंती उकिडवी बसली. तिनं एका ठशावर बोट ठेवलं. मग दुसऱ्यावर. मग तिचे खांदे हलायला लागले. "सर, ह्याची नखं कापायची राह्यली."

"म्हणजे?"

"बिबट्या चालताना नखं आत घेतो, सर. ठशात नखं उमटत नाय. उमटली तर ते कुत्रं." तिनं वर पाहिलं. "आन् ह्याला चारी पाय डावेच हायेत."

इकडच्या पाळण्यातल्या पोरालाही हे माहीत असतं. आण्याच्या पठारावर ऊस नाही, बिबट्या नाही, त्यामुळे कपिलनं ठसे वाघाच्या कॅलेंडरवरून अंदाजानं केले होते आणि भीती जास्त वाटावी म्हणून नखं मुद्दाम लांब काढली होती. पोरी मातीत लोळून हसल्या. साक्षीला उचकी लागली. मीही हसले, खोटं कशाला सांगू.

कपिल बांधावर बसला आणि खाली मान घालून त्यानं सगळं सांगून टाकलं. सेक्रेटरी काय म्हणाले, लायसनवाला कोच, आण्याला परत. "मला तुम्हाला फसवायचं नव्हतं गं. पण तुम्ही बिबट्याला भ्यायचात म्हणून खेळ चांगला व्हायचा. आता भीती कुठून आणू?"

पोरींनी मातीतून उठून कपडे झटकले. मग वैजयंती जरा रागानंच बोलली.

"बिबट्याला कोण भितंय, सर? आमी रोज जनावरं घेऊन रानात जातो. आमची आई तर त्याला दगुड मारून हाकलती."

"मग बॉल खाली का ठेवायचात?"

"तुमी आत जायचा म्हणून." तिनं माझ्या कडेवरच्या यशोकडे हात केला. "तुमचं एवढंसं लेकरू, आन् तुमी त्ये गाणं म्हणत जायचा आत. गाणं थांबलं की आमचा जीव वरखाली व्हायचा. बॉल उडवला की सर आत जाणार, मंग कशाला उडवायचा?"

"आणि गाणं पण लई बेकार हाय, सर," साक्षी उचकीतून म्हणाली.

कपिलनं तोंड फिरवलं आणि बुटाची लेस सोडून पुन्हा बांधली. दोन्ही बुटांची.

पोरींनी शपथा घेतल्या, की फायनलला बॉल खालीच ठेवू. मनापासून घेतल्या. पण पायाला शपथ कुठे कळते?

फायनल पुण्यात होती. क्रूझरमध्ये पुढे नानासर, मागे पोरी, त्यांच्या मांडीवर यशो, आणि खास पाहुणे म्हणून सावळेराममामा. साळुमामींचं वाक्य त्यांना चांगलंच लागलं होतं. येताना त्यांनी कपड्यात गुंडाळून उसाचं एक कांडं आणलं होतं. "शकुनाला," म्हणाले.

मैदान मोठं होतं, हिरवंगार. एका गोलच्या मागे कंपाउंडची भिंत, भिंतीपलीकडे काटेरी झुडपांनी भरलेला नाला. समोरचा संघ पुण्याचा, उंच उंच पोरी, सगळ्यांचे बूट एका रंगाचे. आमच्या पोरी घाबरल्या, आणि घाबरल्यावर पाय जे अलीकडे शिकला तेच करतो. पहिल्या पाच मिनिटांत तीन बॉल आकाशात. नानासर उभे राहून ओरडत होते, "हाण! उडव!" पुण्याच्या पोरींनी त्यातलाच एक बॉल डोक्यावर झेलला आणि गोल केला.

मध्यंतरात कपिल पोरींशी बोलला. सगळ्यांनी माना हलवल्या. परत आत गेल्या आणि वैजयंतीनं पहिलाच बॉल भिंतीपलीकडे नाल्यात घातला.

कपिल बाकावरून उठला आणि पळाला. मैदानाच्या कडेनं, सरळ भिंतीकडे. तिथे बॉल आणायला आयोजकांची माणसं होती, पण तो त्यांच्याही पुढे. त्यानं हे ठरवून केलं की सवयीनं, मी अजून विचारलेलं नाही. बॉल घेऊन परत आला तर पंचांनी त्याला पिवळं कार्ड दाखवलं. बाकाची जागा सोडायची नसते म्हणे. पुढचा बॉल साक्षीनं उडवला. कपिल परत पळाला. पुन्हा पिवळं आणि पाठोपाठ लाल. बाहेर.

"काय झालं वं?" मामांनी मला विचारलं.

"हाकललं त्यांना."

"आपल्या सरांना? बॉल आणला म्हणून?" मामांनी उसाचं कांडं घट्ट धरलं. "पुण्याची रीतच उलटी."

आता मैदानात दुसरा बॉल, आणि साक्षीनं उडवलेल्या बॉलमागे कपिल भिंतीपलीकडे. तिथून तो दिसत नव्हता. आण्याच्या घरातली पाळणा टांगायची कडी कुठे आहे, ते मी आठवायला लागले. आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून, झुडपांतून, आवाज आला.

*आलो गं बाई आलो, बॉल न्यायाला आलो...*

माझ्या मांडीवरची यशो ताठ झाली आणि बापाला शोधायला लागली. मैदानात वैजयंतीनं बॉलवर पाय ठेवला. ठेवला तो ठेवलाच. पुण्याची एक पोर अंगावर धावून आली, तरी ही भिंतीकडे बघत उभी. मग ती ओरडली, "ए पोरींनो! सर आत गेल्यात! बॉल खाली!"

त्यानंतर बॉल गुडघ्याच्या वर गेला नाही. हिनं तिला, तिनं हिला. टाका टाका टाका. पुण्याच्या पोरी मध्ये नुसत्या फिरत होत्या, लग्नात ओळखीचं कुणी न सापडलेल्या पाहुण्यांसारख्या. नानासरांनी एकदा "हाण" म्हणायला तोंड उघडलं, तर मामांनी उसाचं कांडं त्यांच्या मांडीवर ठेवलं. "गप बसा, राव. आमच्या उसाचा खेळ चाललाय."

दोन गोल झाले. दोन्ही कपिलनं पाहिले नाहीत. भिंतीपलीकडे आरडाओरडा ऐकून तो विचारत होता, "कुणी मारला? अहो, कुणी मारला?" आणि सांगायला तिथे एक शेळी तेवढी होती.

कप आला. पोरींनी फोटोच्या आधी त्याला भिंतीवरून ओढून घ्यायचा प्रयत्न केला, पण पंच नको म्हणाले. त्यामुळे या फोटोतही तो नाही.

गावात मोठा सत्कार झाला. सेक्रेटरींना फुटबॉलमधलं नानासरांपेक्षाही कमी कळतं. ते माईकवर म्हणाले, "आणि आपल्या कपिलसरांची कामगिरी तर एवढी मोठी, की पंचांनी त्यांना आधी दोन पिवळी आणि मग खास लाल कार्ड दिलं! पुण्याच्या कोचला एकही मिळालं नाही!" टाळ्यांचा कडकडाट. पोरींनी ओठ दाबून धरले. मग सेक्रेटरींनी तिथेच जाहीर केलं, की पुढच्या वर्षीपासून मुख्य कोच कपिल. नानासरांनी स्वतःच्या अंगावरची शाल काढून त्याला घातली. त्यांच्याकडे आणखी तीन होत्या, तरीही त्यांचे डोळे ओले होते. एक शाल सावळेराममामांना मिळाली. ते ती अजून पाण्याची मोटार चालू करायला जातानाही घेतात.

आणि फ्लेक्स लागला. संघाच्या फोटोत कपिल नाही म्हणून कुणीतरी आमच्या लग्नाच्या फोटोतून त्याला कापून कोपऱ्यात चिकटवला. मुंडावळ्यांसकट. त्याच्या खांद्यावर माझ्या हिरव्या चुड्याच्या हाताची चार बोटं तशीच राहिली. मी बाजाराला जाताना त्या चौकात जरा हळू चालते.

आता पावसाळा आहे. नवीन हंगाम सुरू झालाय. कपिल नानासरांच्या खुर्चीत बसतो, म्हणजे बसायचा प्रयत्न करतो. तोडलेल्या बुडख्यांतून फुटलेला मामांचा खोडवा पुन्हा पुरुषभर वाढलाय. परवा संध्याकाळी मी यशोला घेऊन मैदानावर गेले होते. नवीन आलेल्या एका पोरीनं बॉल उसात मारला. जुन्या पोरींनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी सासू सांडलेल्या दुधाकडे पाहते.

"सर, तुमी आता मुख्य हाये," वैजयंती म्हणाली. "असिस्टंटला पाठवा."

"असिस्टंट कुठं दिलाय अजून?" म्हणत कपिल उठला आणि गात गात आत शिरला.

गाणं पहिल्या ओळीनंतर थांबलं.

पोरी जागच्या जागी उभ्या राहिल्या. मी यशोला छातीशी धरलं. उसाची पानं सळसळली आणि कपिल बाहेर आला. पाठमोरा, सावकाश, एक एक पाऊल मागे टाकत. हात रिकामे. बांध ओलांडून तो माझ्याजवळ आला, खाली बसला आणि यशोला माझ्याकडून आपल्या मांडीवर घेतलं.

"सर, बॉल?" वैजयंतीनं विचारलं.

"राहू दे. नवा काढ."

मग माझ्याकडे न बघता तो हळूच म्हणाला, "चिखलात ठसे आहेत. ताजे. नखं नाहीत."

पोरींना त्यानं काहीच सांगितलं नाही. पण त्या संध्याकाळी बॉल एकदाही घोट्याच्या वर गेला नाही.